आतड्याचा जुनाट आजार आणि बाळंतपण : नॉर्मल की सिझर?



घरात कुणाला दिवस गेले की आठव्या-नवव्या महिन्यात एक प्रश्न ठरलेला असतो, "काय म्हणतात डॉक्टर, नॉर्मल होईल का सिझर?" सासूबाई विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, भाजीवालीसुद्धा विचारते. आज आम्ही हाच प्रश्न घेऊन आलो आहोत, पण ज्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही अशा बायकांसाठी. ज्यांना आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार आहे आणि ज्यांना आई व्हायचं आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. ज्यांना हा आजार नाही त्यांनीही ऐकावं. तुमची सून, भाची किंवा शेजारीण कदाचित हा त्रास अंगावर काढत असेल.

आधी आजार कोणता ते सांगतो. डॉक्टर याला आयबीडी म्हणतात. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात मोठ्या आतड्याला आणि गुदाशयाला आतून जखमा होतात. सारखं शौचाला जावं लागतं, आव आणि रक्त पडतं, पोटात मुरडा येतो. दुसरा क्रोन्स. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो. पोट दुखतं, वजन उतरतं, ताप येतो, आतडं एखाद्या ठिकाणी अरुंद होतं आणि काही जणींना गुदद्वाराजवळ गळू किंवा भगंदर होतं. दोन्ही आजार मसालेदार खाण्याने होत नाहीत, कुणाच्या नजरेने होत नाहीत आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाहीत. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच आतड्यावर उलटते. आजार कधी भडकतो, कधी महिनोन्‌महिने शांत राहतो.

हा परदेशातला आजार, आपल्याकडे कुठला, असं पूर्वी म्हणत. पण पंजाबात पाहणी झाली आणि २००३ साली तिचे आकडे छापून आले, तेव्हा लाखात साधारण ४४ लोकांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचं दिसलं. हा आजार बऱ्याचदा विशी-तिशीत सुरू होतो. म्हणजे लग्न, संसार आणि मुलंबाळं होण्याचं जे वय, नेमकं तेच.

आपल्याकडे हा आजार ओळखायलाच उशीर होतो, त्याची दोन कारणं आहेत. पहिलं, क्रोन्स आणि आतड्याचा टीबी हे दोन्ही दिसायला सारखे असतात. तपासण्या करूनही कधी कधी चटकन फरक कळत नाही. त्यामुळे काही जणांना आधी टीबीची औषधं दिली जातात आणि ती देऊन काय होतं ते पाहावं लागतं. दुसरं कारण आपल्या हातातलं आहे. संडासातून रक्त पडलं की आपण त्याला मूळव्याध म्हणून मोकळ्या होतो. कुणाला सांगायची लाज वाटते. मग एसटी स्टँडजवळ "मूळव्याध-भगंदर, बिनटाक्याचा इलाज" अशी पाटी वाचून गुपचूप जाऊन येतो. मैत्रिणींनो, तीन-चार आठवड्यांहून जास्त दिवस रक्त-आव पडत असेल, रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागत असेल, वजन कमी होत असेल, तर ते मूळव्याध म्हणून सोडू नका. पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता बाळंतपणाकडे येऊ. नॉर्मल की सिझर हा प्रश्न शेवटचा आहे. त्याच्या आधी एक प्रश्न आहे, दिवस कधी राहू द्यायचे? उत्तर सरळ आहे. आजार शांत असताना. किमान तीन महिने, जमलं तर सहा महिने आजार शांत असावा आणि मग मुलाचा विचार करावा. शांत असताना दिवस गेले तर बहुतेकींचे नऊ महिने इतर बायकांसारखेच जातात. आजार भडकलेला असताना दिवस राहिले तर तो पुढेही तसाच राहण्याची किंवा वाढण्याची भीती मोठी असते. त्यातून गर्भपात, वेळेआधी कळा येणं, बाळाचं वजन कमी भरणं असे धोके वाढतात.

दिवस राहिले की सगळ्यात आधी काय होतं? घरातलं कुणीतरी म्हणतं, "आता त्या गोळ्या बंद कर, बाळाला बाधतील." आणि आमच्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं. बाळाला औषधापेक्षा भडकलेला आजार जास्त बाधतो. मेसालामिन गरोदरपणात चालतं. सल्फासॅलाझिन चालतं, त्याच्या जोडीला फॉलिक अॅसिड जास्त घ्यावं लागतं. अझाथायोप्रिन आधीपासून चालू असेल तर सहसा चालूच ठेवतात. इन्फ्लिक्सिमॅब, अॅडालिमुमॅब ही इंजेक्शनंही सहसा चालू ठेवतात. पण मेथोट्रेक्झेट गर्भाला घातक आहे. ते दिवस राहण्याच्या निदान तीन महिने आधी बंद करावं लागतं. टोफासिटिनिबच्या गोळ्याही गरोदरपणात टाळतात. म्हणून दिवस राहण्याआधीच आपल्या गोळ्यांची नावं घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि कोणतं औषध बदलायचं ते विचारायचं. आपल्या मनाने एकही गोळी सुरू नाही करायची, बंदही नाही करायची.

आता मूळ प्रश्न. आतड्याचा आजार आहे म्हणजे सिझरच, असं आहे का?

नाही. बहुतेक बायकांची नॉर्मल प्रसूती होऊ शकते. आजार शांत आहे, गुदद्वाराजवळ गळू नाही, भगंदर नाही, जखम नाही, तर आतड्याच्या आजारासाठी म्हणून सिझर करायचं कारण उरत नाही. मग सिझर होईल ते इतर बायकांचं ज्या कारणांनी होतं त्याच कारणांनी. बाळ आडवं आहे, बाळाचे ठोके कमी होताहेत, वार खाली आहे, कळा येऊनही वाट उघडत नाही, अशी ती कारणं. नॉर्मल प्रसूतीने पोटातला आजार वाढतो असं दिसलेलं नाही. आणि नॉर्मल झालं म्हणून बाळाला आजार लागतो हीही नुसती भीती आहे. आईला हा आजार असला तर मुलाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण बहुतेक मुलांना तो होत नाही.

मग सिझर कुणी निवडावं? पहिला गट आहे क्रोन्सच्या ज्या बायकांना त्या वेळी गुदद्वाराभोवती आजार चालू आहे त्यांचा. भगंदरातून पू येतो आहे, गळू आहे, खोल भेग आहे, गुदाशय सुजलेला आहे, किंवा गुदाशय आणि योनी यांच्यामध्ये वाट पडली आहे. अशा बाईला सिझरचाच सल्ला देतात. कारण समजून घ्या. बाळ बाहेर येताना योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग खूप ताणला जातो. तो फाटू शकतो, किंवा डॉक्टर तिथं छेद देतात आणि नंतर टाके घालतात. निरोगी बाईचे ते टाके काही आठवड्यांत भरून येतात. पण तिथं आधीच आजार असेल तर जखम भरत नाही, चिघळते, नवीन भगंदर होऊ शकतं. त्या फाटण्यात गुदद्वार आवळून धरणारा स्नायू तुटला तर शौचावरचा ताबा जाऊ शकतो. तसं झालेल्या बाईला लग्नाला जावंसं वाटत नाही, गड्ड्याच्या जत्रेला जावंसं वाटत नाही, एसटीत बसायची भीती वाटते. आणि ती हे कुणाला सांगतही नाही. हे टाळण्यासाठी सिझर असेल तर ते सिझर योग्य आहे.

दुसरा गट ज्यांचं मोठं आतडं ऑपरेशन करून काढलं आहे आणि लहान आतड्याची पिशवी शिवून आतूनच गुदद्वाराला जोडली आहे त्यांचा. मोठं आतडं नसल्याने या बायकांचं शौच पातळ असतं. त्यांचा सगळा भरवसा त्या स्नायूवर असतो. तो दुखावला तर त्यांचं नुकसान इतरांपेक्षा जास्त. म्हणून त्यांच्यासाठी सिझरचा विचार बऱ्याचदा करतात. पण हा पक्का नियम नाही. ज्यांनी ते ऑपरेशन केलं ते सर्जन, पोटाचे डॉक्टर आणि बाळंतपणाचे डॉक्टर यांनी मिळून बाईशी बोलून ठरवायचं असतं.

तिसरा गट, ज्यांना पूर्वी भगंदर होतं आणि आता ते पूर्ण भरलं आहे. इथं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. काहींची नॉर्मल प्रसूती सुखरूप होते. पण "भरलं आहे" हे आपण म्हणून चालत नाही, डॉक्टरांनी तपासून म्हणायला हवं. गरज वाटली तर एमआरआय करतात. तो गरोदरपणात करता येतो, त्यात शिरेतून द्यायचं रंगद्रव्य मात्र टाळतात.

आणि ज्यांच्या पोटावर बाहेर पिशवी लावलेली आहे, त्यांचं काय? त्यांना वाटतं, आपलं तर सिझरच होणार. तसं नाही. नुसत्या पिशवीमुळे नॉर्मल प्रसूती अडत नाही.

आता सिझरची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण आजकाल सिझर फार सोपं वाटायला लागलंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या साधारण २१ बाळंतपणांत सिझर झालं होतं, महाराष्ट्रात २५ मध्ये, आणि देशभरातल्या खाजगी दवाखान्यांत ४७ मध्ये. यातली अनेक सिझर जीव वाचवणारी असतात. पण कुणी मुहूर्त काढून आणतं, कुणाला कळांची भीती वाटते. आतड्याचा आजार असलेल्या बाईसाठी सिझर म्हणजे पोटावर आणखी एक ऑपरेशन. तिच्या पोटावर आधी ऑपरेशन झालं असेल तर आत आतडी एकमेकांना चिकटलेली असू शकतात, मग सिझर करणं अवघड जातं. पुढं कधी आतड्याचं ऑपरेशन लागलं तर तेही अवघड होतं. पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणावर चिकटून बसण्याचा धोका असतो. शिवाय या आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते आणि सिझरने ती आणखी वाढते. म्हणून सिझरनंतर रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन लागेल का हे विचारायचं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की लवकर उठून चालायला लागायचं. एक पाय सुजला, पोटरी दुखली, दम लागला, तर लगेच सांगायचं.

थोडक्यात, "आजार आहे म्हणून सिझर करून टाका" हेही चूक, आणि "आमच्या घरात सगळ्यांची नॉर्मल झालीत, हिचीही होईल" हेही चूक. खाली काय परिस्थिती आहे त्यावर निर्णय ठरतो. आणि ती परिस्थिती डॉक्टरांना कधी कळेल? तुम्ही सांगाल तेव्हा, तपासू द्याल तेव्हा. बाळंतपणाच्या तपासणीत पोट बघतात, ठोके ऐकतात, बीपी बघतात. गुदद्वाराजवळ काही आहे का हे कुणी विचारेलच असं नाही. "बाई, मला मागच्या बाजूला गळू होतं, त्यातून पू येतो," हे एक वाक्य बोलायला आपल्याला फार जड जातं. पण ते बोललं नाही तर पुढचा सगळा निर्णय अंधारात होतो. पुरुष डॉक्टरांशी बोलायला संकोच वाटत असेल तर सिस्टरला सांगा, आशाताईला सांगा, कागदावर लिहून द्या. पण सांगा.

आता आपल्याकडची एक मोठी अडचण. आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरतात, डोहाळजेवण होतं आणि मुलगी माहेरी येते. समजा, सासर पुण्यात आहे, पोटाचे डॉक्टर तिथले. माहेर अक्कलकोटला नाहीतर करमाळ्याला. तिथल्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनी तिला सातव्या महिन्यात पहिल्यांदाच पाहिलं. फाईल पुण्यात कपाटात राहिली. रात्री दोनला कळा सुरू झाल्या, दवाखान्यात जी डॉक्टर ड्युटीवर आहे तिला काहीच ठाऊक नाही. ती बिचारी नेहमीसारखाच छेद देणार. म्हणून माहेरी येताना साडीच्या घडीबरोबर फाईलही बॅगेत घालायची. आजाराचं नाव, झालेली ऑपरेशनं, चालू औषधं, आणि "प्रसूती अशी करावी" असं पोटाच्या डॉक्टरांचं एका पानाचं पत्र. माता-बाल संरक्षण कार्डावरही आजाराचं नाव लिहून घ्यायचं. त्या पानाचा फोटो नवऱ्याच्या, आईच्या आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवायचा.

निर्णयाचं बोलणं पाचव्या-सहाव्या महिन्यात सुरू करावं. सातव्या-आठव्या महिन्यात गुदद्वाराची तपासणी करून घ्यावी आणि तेव्हा ठरवावं. नंतर आजार भडकला तर ठरलेलं बदलू शकतं, हेही मनात धरावं. नॉर्मल ठरलं असेल तर एवढं विचारावं : छेद अगदी गरज असेल तरच द्याल ना? चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायची वेळ आली तर काय करणार? फाटलं तर टाके कोण घालणार? सिझर ठरलं असेल तर विचारावं : कोणत्या कारणासाठी? माझ्या पोटावर आधीचं ऑपरेशन आहे, तर सर्जन हाताशी असतील का? रक्ताची सोय काय? हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात.

खर्चाची काळजी असते, तीही बोलू. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जोखमीची गरोदर बाई ओळखणं हाच त्याचा हेतू आहे. तिथं आपला आजार नक्की सांगा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात सरकारी दवाखान्यात नॉर्मल असो वा सिझर, प्रसूती, औषधं, तपासण्या, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. जोखमीचं बाळंतपण गावातल्या छोट्या दवाखान्यात करण्यापेक्षा जिथं भूल देणारे डॉक्टर, सर्जन, रक्तपेढी आणि बाळांचा अतिदक्षता विभाग एका छताखाली आहे तिथं करावं. आपल्या जिल्ह्यात सोलापूरचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हे वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं मोठं रुग्णालय आहे. लांबच्या तालुक्यातल्या बाईने तारखेच्या आधीच शहरात नातेवाइकांकडे येऊन राहण्याचा विचार करावा. अडचणीच्या वेळी १०८ नंबर आहेच.

रक्त कमी असणं ही आपल्याकडची जुनी दुखणी. या आजारात रक्त पडतं, त्यामुळे ते आणखी कमी होतं. लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडत असेल तर गोळ्या फेकून देऊ नका. शिरेतून लोह देता येतं, ते मागून घ्या. बाळंतपणात थोडं रक्त सगळ्यांचंच जातं. मुळात साठा असेल तर बाई तरून जाते. विड्या वळणाऱ्या, टॉवेल-चादरीच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायका दिवसभर शौच दाबून बसतात आणि त्यासाठी पाणीही कमी पितात. असं करू नका. आणि मिश्री लावत असाल तर गरोदरपणात ती सोडाच. तंबाखू कुठल्याही वाटेने गेली तरी बाळाचं वजन घटवते.

बाळंत झाल्यावर काय? औषधं चालूच ठेवायची. बऱ्याच जणींचा आजार औषध थांबवल्यामुळेच बाळंतपणानंतर भडकतो. मेसालामिन, अझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब यांवर असताना अंगावर पाजता येतं. मेथोट्रेक्झेटवर पाजू नये. दुखण्यासाठी गोळी देताना आजार सांगा, कारण डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी काही जणींचा आजार उसळतो. पॅरासिटामॉल जास्त बरं. खाण्यात डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, बाळंतशोपा हे सगळं प्रेमाने येतं. पण ज्या क्रोन्सच्या बाईचं आतडं अरुंद झालं आहे तिला बिया, साली, शेंगदाण्याचे जाड कण अडकू शकतात. तिला मऊ भात, मुगाचं वरण, ताक, ज्वारीच्या पिठाची आंबील, अंडं असं सोसेल ते द्या. आजींनो, नात लाडू खात नाही म्हणून रुसू नका.

आणि शेवटची गोष्ट, फार महत्त्वाची. आई गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब किंवा अॅडालिमुमॅब घेत असेल तर ते औषध वारेतून बाळाच्या रक्तात जातं आणि काही महिने राहतं. आपल्याकडे बाळाला जन्मल्या-जन्मल्या दंडावर बीसीजी टोचतात. ती जिवंत जंतूची लस आहे. अशा बाळाला ती लगेच दिली तर धोका असतो. जगात अशा एका बाळाचा जीवही गेला आहे. म्हणून बीसीजी सहा महिने ते वर्षभर पुढे ढकलतात. तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरस याही जिवंत लसी आहेत, त्या कधी द्यायच्या हे बाळाच्या डॉक्टरांना विचारा. बाकीच्या लसी मात्र वेळेवर द्यायच्या. नुसतं मेसालामिन घेणाऱ्या आईच्या बाळाला हा नियम लागू नाही. हे सगळं बाळ जन्मायच्या आधीच सांगून ठेवा, कारण बाळ वॉर्डात आलं की सिस्टर सवयीने ट्रे घेऊन येतात. त्या वेळी आई दमलेली असते, पण आजी जागी असते. आजीला हे आधीच समजावून ठेवा.

मैत्रिणींनो, आम्ही इथं बोललो ते सर्वांसाठीचं बोलणं आहे. तुमच्यासाठी काय योग्य ते तुम्हाला तपासणारे डॉक्टर सांगतील. तुम्ही एवढंच करा : आजार लपवू नका, गोळ्या सोडू नका, आणि फाईल जवळ ठेवा. हे ऐकून कुणाची आठवण झाली असेल तर आजच तिला फोन करा. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.